बुलडॉगच्या पिल्लाचे सतत वाहणारे डोळे : दोष खाण्याचा की चेहऱ्याचा?

वेलांटी

नमस्कार. आमच्याकडे इंग्लिश बुलडॉग जातीचे साडेचार महिन्यांचे पिल्लू आहे, त्याचे नाव गुंडू. घरी आला तेव्हा त्याचे डोळे स्वच्छ होते. तिसरा महिना संपता संपता दोन्ही डोळ्यांतून पाणी येऊ लागले आणि आता नाकाच्या दोन्ही बाजूंना तांबूस-तपकिरी ओघळ कायमचे उमटले आहेत. ज्यांच्याकडून पिल्लू घेतले त्यांनी ठामपणे सांगितले की बुलडॉगना कोंबडी सोसत नाही, तेव्हा आधी खाद्य बदला. त्यानुसार मी पाच आठवड्यांत तीन खाद्ये बदलली : आधी कोंबडीचे कोरडे खाद्य होते, मग मेंढीचे मांस आणि तांदूळ असलेले आणले, आणि सध्या धान्यविरहित मासळीचे देत आहे. पहिल्या बदलानंतर चार-पाच दिवस ओघळ फिके झाल्यासारखे वाटले, पण पुन्हा जैसे थे. पोट मात्र प्रत्येक बदलासरशी बिघडले.

डावा डोळा उजव्यापेक्षा जास्त वाहतो, आणि सकाळी उठल्यावर तो डोळा थोडा वेळ अर्धवट मिटलेलाच असतो. ती झोपेची धुंदी असावी असे मी समजते. आता चौथे खाद्य कोणते आणावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

दुपारझोप

वेलांटी, आमच्याकडेही अगदी असेच होते. पिण्याच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घाला, प्लास्टिकचे भांडे काढून स्टीलचे ठेवा आणि गाळलेले पाणी द्या. ओघळ घालवणारी पावडरही मिळते, ती खाण्यात मिसळली की दोन-तीन आठवड्यांत चेहरा पांढराशुभ्र होतो. आमच्या मोठ्या कुत्र्याला गेल्या वर्षी डोळ्यात घालायला दिलेले थेंब शिल्लक होते, तेच मी पिल्लालाही घातले आणि लाली एका दिवसात उतरली.

कवडसा

माझ्याकडे नऊ वर्षे फ्रेंच बुलडॉग होती आणि तिचे डोळे पुसण्यात माझी निम्मी सकाळ जात असे, तेव्हा या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे.

एक गोष्ट आधी सांगतो. त्या ओघळांचा तांबूस रंग हा रोगाचा रंग नव्हे. कुत्र्याच्या अश्रूंत आणि लाळेत पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्ये असतात. अश्रू नाकात उतरण्याऐवजी गालावरून वाहू लागले की ती केसांवर साचतात आणि केसांना गंजासारखा रंग चढतो. रंग घालवण्यात आणि पाणी का वाहते हे शोधण्यात फार अंतर आहे. आपण बहुतेक जण पहिल्यातच गुंतून पडतो, मीही दोन वर्षे पडलो होतो.

दुसरे म्हणजे, तुमच्या लिहिण्यातला सगळ्यात मोलाचा तपशील तुम्ही ओघात लिहून गेला आहात : डावा डोळा जास्त वाहतो. पोटात गेलेले अन्न डावे-उजवे पाहत नाही. त्रास अन्नाचा असता तर दोन्ही डोळे साधारण सारखेच लाल झाले असते. एकच डोळा जास्त वाहत असेल तर त्या डोळ्यापाशी काहीतरी वेगळे आहे असे मानून चालावे. चौथे खाद्य आणण्याआधी पिल्लाला डॉक्टरांकडे न्या.

अनुस्वार

मी पशुवैद्यक आहे. पडद्यावरून निदान करता येत नाही आणि तसे करूही नये, पण कोणत्या दिशेने पाहावे एवढे निश्चित सांगता येईल.

वेलांटी, डोळा अर्धवट मिटून ठेवणे ही झोपेची धुंदी नसून वेदनेची खूण असू शकते. चपट्या चेहऱ्याच्या कुत्र्यांत डोळ्याची खोबण उथळ असते, बुबुळ पुढे आलेले असते आणि पापण्या कधी कधी झोपेतही पूर्ण मिटत नाहीत. शिवाय बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, संवेदना या जातींत लांब नाकाच्या कुत्र्यांपेक्षा कमी असते. त्यामुळे तेथे जखम झाली तरी पिल्लू फारसे कण्हत नाही, आणि ती जखम काही दिवसांत खोल जाऊ शकते. डोळा किलकिला करणे, पंज्याने चोळणे, बुबुळावर निळसर धूसरपणा येणे किंवा पिवळे-हिरवे चिपड धरणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दाखवावे. तुमच्या बाबतीत मी उद्यावर ढकलणार नाही.

दुपारझोप, राग मानू नका, पण उरलेले थेंब घालण्याचा सल्ला कृपया कोणी पाळू नये. लाली एका दिवसात उतरवणाऱ्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असते, आणि कॉर्नियावर जखम असताना ते घातले तर जखम भरण्याऐवजी वितळत जाते. डोळा फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. तुमच्या पिल्लाला जखम नव्हती म्हणून निभावले. ओघळ घालवणाऱ्या पावडरींबद्दल सांगायचे, तर त्यांतल्या काहींमध्ये टायलोसिन हे प्रतिजैविक असे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये अशा उत्पादकांना ताकीद दिली होती, कारण हे औषध त्या कामासाठी मान्यताप्राप्त नव्हते. केसांचा रंग सुधारावा म्हणून वाढत्या पिल्लाला महिनोन्महिने प्रतिजैविक चारणे मला पटत नाही. व्हिनेगरने ओघळ थांबतात याला आधार नाही. स्टीलचे भांडे मात्र जरूर ठेवा, कारण ते घासायला सोपे असते; डोळ्यांशी त्याचा संबंध नाही.

आता मूळ प्रश्न. अश्रू तयार होतात, डोळ्यावर पसरतात, आणि आतल्या कोपऱ्यातील दोन बारीक छिद्रांतून अश्रुनलिकेवाटे नाकात उतरतात. म्हणून डोळा वाहतो तेव्हा दोनच शक्यता असतात : कशाने तरी टोचल्यामुळे अश्रू जास्त येत आहेत, किंवा ते वाहून नेणारी वाट अडली आहे. बुलडॉगमध्ये पुष्कळदा दोन्ही एकदम असते. चेहरा मागे दाबला गेल्यामुळे नलिका सरळ न राहता वळणे घेत जाते. खालची पापणी नाकाकडच्या कोपऱ्यात आत वळलेली असली तर छिद्राचे तोंड दाबले जाते आणि पापणीचे केस बुबुळावर घासू लागतात. नाकावरची जाड वळी वर सरकून तिचे केस डोळ्याला टेकतात. पापणीच्या कडेवर जेथे केस नसावेत तेथे एखादा जास्तीचा केस उगवतो, तो भिंगाशिवाय दिसतही नाही. तिसऱ्या पापणीची ग्रंथी बाहेर येऊन कोपऱ्यात लाल दाण्यासारखी दिसू लागते, तिला चेरी आय म्हणतात. बुलडॉगमध्ये ती बहुधा वयाच्या दोन वर्षांच्या आतच उद्भवते. ती ग्रंथी कापून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. एकूण अश्रूंचा साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त वाटा तिचा असतो, आणि ती काढल्यास पुढे डोळा कोरडा पडण्याचा धोका राहतो. ती आपल्या जागी परत बसवणे हाच योग्य उपचार.

यांपैकी एकही गोष्ट खाद्य बदलून सुधारत नाही.

वेलांटी

सर्वांचे आभार. उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. अनुस्वार सर, तरीही एक शंका मनातून जात नाही. गुंडू पुढचे पंजे सारखे चाटतो, बोटांमधले केस तपकिरी झाले आहेत. कान झटकतो आणि गालिच्यावर चेहरा घासतो. दिवसातून पाच-सहा वेळा शौचाला जातो आणि निम्म्या वेळा शौच सैल असते. हे सगळे पिल्लांचे नेहमीचेच, असे मी समजत होते. मग आहाराचा संबंध पूर्णपणे नाकारायचा का?

अनुस्वार

नाकारायचा नाही. ही माहिती आधी मिळाली असती तर मी पहिला प्रतिसाद एवढ्या ठामपणे संपवला नसता.

नुसते वाहणारे डोळे हे अन्नाच्या ॲलर्जीचे एकमेव लक्षण असणे विरळाच. पण पंजे, कान, चेहरा आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा खाजणे, ही खाज ऋतूनुसार कमी-जास्त न होता सतत राहणे, आणि सोबत वारंवार सैल शौच होणे, असे चित्र एक वर्षाच्या आतल्या पिल्लात दिसले तर अन्नाचा विचार करावाच लागतो. शौचाच्या बाबतीत मात्र जंत आणि जिआर्डियासारखे परजीवी आधी वगळले पाहिजेत, म्हणून उद्या शौचाचा नमुना सोबत न्या. पाच आठवड्यांत तीन खाद्ये बदलल्यानेही पोट बिघडते. एरवीसुद्धा नवे खाद्य सात ते दहा दिवसांत थोडे थोडे मिसळत आणावे.

धान्यविरहित खाद्याबद्दल थोडे सांगतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, अन्नामुळे त्वचेचा त्रास सिद्ध झालेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. त्यात ३४ टक्के कुत्र्यांना गोमांस, १७ टक्क्यांना दुग्धजन्य पदार्थ, १५ टक्क्यांना कोंबडी, १३ टक्क्यांना गहू आणि ५ टक्क्यांना मेंढीचे मांस बाधत होते. म्हणजे प्राणिज प्रथिनांचा वाटा मोठा आहे, आणि ‘धान्य काढले की झाले’ ही समजूत बहुतेक कुत्र्यांना लागू पडत नाही. हे आकडे पाहून लगेच गोमांस किंवा कोंबडी बंद करावी असाही त्यांचा अर्थ नव्हे. ते कळपाविषयी सांगतात, तुमच्या पिल्लाविषयी सांगत नाहीत.

बोरूबहाद्दर

अन्नाच्या ॲलर्जीसाठी केसांची किंवा लाळेची चाचणी करून घेतली तर एकच आहार देऊन आठ आठवडे थांबावे लागत नाही. मी एका प्रयोगशाळेकडे केस पाठवले आणि चाळीस पदार्थांची यादी आली. त्यात आमच्या कुत्रीने आयुष्यात कधी न खाल्लेले पदार्थही ‘तीव्र’ या रकान्यात होते, पण विज्ञान पुढे गेले आहे म्हणून मी ते मान्य केले.

कवडसा

बोरूबहाद्दर, तुम्हीच तुमच्या अहवालाचे परीक्षण केले आहे. जे कधी खाल्लेच नाही त्याची ॲलर्जी शरीराला सहसा होत नाही. आधी ओळख व्हावी लागते, मग वैर. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी आणि ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर कृत्रिम फर आणि साधे सलाईनही अशाच चाचणीसाठी पाठवले होते, आणि त्या निर्जीव नमुन्यांचेही ॲलर्जीचे अहवाल आले. मी स्वतः अशाच यादीच्या भरवशावर आमच्या फ्रेंचीला वर्षभर उगाच पथ्यावर ठेवले होते, तेव्हा तुमची चेष्टा करण्याचा मला हक्क नाही.

अनुस्वार

अन्नाच्या ॲलर्जीसाठी रक्ताची चाचणीही भरवशाची नाही. खात्रीचा मार्ग एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे. एकच काटेकोर आहार आठ आठवडे द्यायचा आणि नंतर जुने पदार्थ एकेक करून मुद्दाम परत द्यायचे. ज्या कुत्र्यांना खरोखर अन्न बाधते त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांत पाच आठवड्यांत आणि ९० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांत आठ आठवड्यांत सुधारणा दिसते. तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडलेला प्रयोग काहीच सिद्ध करत नाही.

साडेचार महिन्यांच्या पिल्लासाठी हा आहार घरी शिजवण्याच्या फंदात पडू नये. हाडे वाढण्याच्या वयात कॅल्शियम आणि फॉस्फरसचे प्रमाण चुकले तर पायांची हाडे बिघडतात, आणि बुलडॉगचे सांधे आधीच नाजूक असतात. ज्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना सहसा ओळखत नाही, असे हायड्रोलाइज्ड खाद्य मिळते. त्यातले वाढत्या वयासाठी योग्य असलेले खाद्य तुमचे डॉक्टर सुचवतील. दुकानातल्या ‘एकाच मांसाच्या’ साध्या खाद्यांत पुष्कळदा वेष्टनावर न लिहिलेल्या प्राण्यांचे अंश सापडतात, म्हणून प्रयोगापुरते ते टाळावे.

आणि आहार म्हणजे केवळ भांड्यातले अन्न नव्हे. शिकवताना दिलेला खाऊ, चघळण्याच्या कांड्या, चवीची टूथपेस्ट, चघळून खाण्याची जंताची गोळी, टेबलाखाली पडलेले तुकडे, दुसऱ्या कुत्र्याचे उष्टे, हे सर्व आहारच.

वेलांटी

आज तपासणी झाली, सविस्तर लिहिते. डॉक्टरांनी आधी खालच्या पापणीत कागदाची पट्टी मिनिटभर ठेवून अश्रू मोजले. पट्टी उजव्या डोळ्यात १९ आणि डाव्यात २३ मिलिमीटर भिजली. १५ च्या वर असले की डोळा कोरडा नाही असे त्यांनी सांगितले. मग डोळ्यांत फ्लुरोसीन हा हिरवा-पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिले. डाव्या बुबुळावर आतल्या बाजूला एक लहानसा हिरवा डाग चमकला. तो पाहून माझे हातपाय गळाले. ती वरवरची जखम होती. डाव्या खालच्या पापणीचा कोपरा आत वळलेला आहे आणि नाकाच्या वळीचे केसही त्याच बाजूला टेकतात. म्हणजे ज्याला मी झोपेची धुंदी म्हणत होते ती वेदना होती.

तोच रंग काही मिनिटांत उजव्या नाकपुडीत उतरला, डाव्या नाकपुडीत मात्र आला नाही. त्यावरून नलिका बंदच आहे असे मानायचे नाही, चपट्या नाकाच्या कुत्र्यांत पाणी मागच्या बाजूने घशाकडेही उतरते, असे डॉक्टर म्हणाले. प्रतिजैविकाचे थेंब, डोळ्याला ओलावा देणारे मलम आणि गळ्यात प्लास्टिकची कॉलर, असा सरंजाम घेऊन आम्ही परतलो. चार दिवसांनी पुन्हा दाखवायचे आहे. पापणीची कायमची शस्त्रक्रिया चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्यावर करावी, नाहीतर आज बेतलेली पापणी उद्या तोकडी पडते, असे त्यांचे मत पडले. जखम पुन्हा झाली तर तोवर पापणी तात्पुरत्या टाक्यांनी बाहेर ओढून ठेवता येईल.

शौचात जंत किंवा जिआर्डिया सापडले नाहीत. हायड्रोलाइज्ड खाद्य उद्यापासून सुरू करत आहे.

दुपारझोप

वाचून धसका घेतला. उरलेली थेंबांची बाटली आत्ताच टाकून दिली. चेहरा रोज कसा पुसावा हेही कोणीतरी लिहावे, कारण मी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरत होतो.

कवडसा

पेरॉक्साइड डोळ्याजवळ आणूच नका, थेंबभर जरी आत गेले तरी डोळा भाजतो. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचे पुसणे नाकावरच्या वळीसाठी चांगले, पण तेही डोळ्यापासून दूर ठेवावे. डोळ्याभोवती निर्जंतुक सलाईनमध्ये किंवा उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेला मऊ कापूस फिरवावा, प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा, आतल्या कोपऱ्यातून बाहेर. आणि मग कोरडे करावे. लोक पुसतात पण कोरडे करत नाहीत, आणि त्या ओलसर वळीत यीस्ट वाढून आंबूस वास येऊ लागतो. आमच्याकडे पुसायला एक मिनिट आणि कोरडे करायला तीन मिनिटे लागत.

वेलांटी

सहा आठवड्यांनंतर लिहीत आहे. डोळ्याची जखम आठ दिवसांत भरली.

आहाराच्या प्रयोगात मात्र आमच्याकडून घोळ झाला. तिसऱ्या आठवड्यात जंताची गोळी दिली. ती मांसाच्या चवीची आहे हे वेष्टन कचऱ्यात टाकताना वाचले. त्यानंतर घरातली प्रत्येक वस्तू तपासायला बसले तेव्हा दुसरी गोष्ट सापडली. दात येताना चघळायला म्हणून गुंडूला दूध आटवून केलेली कडक कांडी मिळत असे. कोंबडीचे खाद्य होते तेव्हाही, मेंढीचे होते तेव्हाही, मासळीचे होते तेव्हाही. खाद्ये तीन बदलली, कांडी तीच राहिली. एवढेच नव्हे, तर प्रयोग सुरू झाल्यावरही माझ्या सासूबाई ‘बिचाऱ्याचे दात शिवशिवतात’ म्हणून ती रोज संध्याकाळी देत होत्या, आणि कांडी म्हणजे खाणे नव्हे अशीच माझीही समजूत होती. ती बंद करून आठ आठवडे नव्याने मोजायला घेतले आहेत.

अनुस्वार

नव्याने मोजलेत हे उत्तम केलेत. सासूबाईंना दोष देऊ नका, असे बहुतेक घरांत होते. निष्पाप कोंबडी मात्र पाच आठवडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली, आणि खरी संशयित तिच्या शेजारीच पडली होती.

वेलांटी

प्रयोग पूर्ण झाला. पाचव्या आठवड्यापासून पंजे चाटणे जवळजवळ थांबले आणि शौच दिवसातून दोन-तीन वेळांवर आले, तेही घट्ट. त्यानंतर सरांनी सांगितल्याप्रमाणे आधी कोंबडीचे जुने खाद्य हळूहळू परत आणले. दोन आठवडे नीट पाहिले, काहीही झाले नाही. मग दुधाची कांडी दिली. तिसऱ्या दिवशी कान लाल झाले, चौथ्या दिवशी तो रात्रभर पंजे चाटत बसला. कांडी बंद केली आणि आठवड्याभरात सर्व शांत झाले. आता गुंडू कोंबडीचेच खाद्य खातो.

डोळ्यांविषयी विचाराल तर उजवा डोळा आता क्वचितच वाहतो. खाज गेल्यामुळे तो चेहरा गालिच्यावर घासत नाही, त्याचाच हा परिणाम असावा असे डॉक्टर म्हणतात. डावा अजूनही वाहतो, पूर्वीपेक्षा कमी, पण वाहतो, कारण पापणी जिथे होती तिथेच आहे. वर्षाचा झाला की शस्त्रक्रियेची तारीख घ्यायची आहे. तोवर डाव्या गालावरचा तांबूस ओघळ रोज सकाळी पुसते आणि कोरडा करते. कोरडा करायला खरोखरच तीन मिनिटे लागतात.

बोरूबहाद्दर

मीही त्या चाळीस पदार्थांच्या यादीतले एकेक परत द्यायला सुरुवात केली आहे. पहिल्या तीन पदार्थांना काहीही झाले नाही. पुढचे कळवतो.